चिंचेचं वय

झाड आणि माणूस यांच्यातलं नातं विश्वासाचं असतं. झाड उभं राहतं आणि माणूस त्याच्याखाली निर्धास्त बसतो, इतका हा साधा करार आहे आणि हजारो वर्षं तो दोन्ही बाजूंनी पाळला गेला आहे. जोतीराम वाघमोडेनं तो एप्रिलच्या पहिल्या रविवारी, दुपारी चारच्या सुमारास, एकतर्फी मोडला. कारण फांदी करकरली.

तशी ती रोजच करकरत असणार. माणसाच्या कमरेएवढी जाड चिंचेची फांदी, त्यात इंदापूरच्या बाजूचं वारं. पण त्या दुपारी जोतीराम मागच्या खोलीत खिडकीला पडद्याची दांडी ठोकत होता, आणि ती खोली प्राचीसाठी होती. प्राची ही त्याची एकुलती एक मुलगी. सांगवीच्या घरात दिलेली, नवऱ्याबरोबर राहायला पुण्यात. ओटीभरण झालं की वीस मेला ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार होती. जोतीरामनं दांडी सोडली, खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं, मग मान आत घेऊन पलंगाकडे पाहिलं. फांदी बरोबर पलंगावर होती. त्यातही उशीच्या बाजूला.

इतकी वर्षं त्या फांदीखाली जुना कूलर, पंक्चर सायकल आणि गव्हाची कोठी सुखानं नांदत होती. त्यांच्यासाठी जोतीरामचा जीव कधी खालीवर झाला नव्हता. आता मात्र तो झाला, आणि झाला तो पुढचा दीड महिना जागेवर आलाच नाही.

यात थोडा दोष नोकरीचा होता. लोणी देवकरच्या एका कारखान्यात जोतीराम क्वालिटी विभागात सुपरवायझर होता. चांगल्या मालात खोट शोधायची, आणि सापडली नाही तर अजून शोधायची, याचाच पगार गेली बावीस वर्षं त्याला मिळत होता. असा माणूस शिडी लावून चिंचेवर चढला, तर खोट सापडल्याशिवाय खाली उतरणार नव्हता. फांदी खोडाला जिथं मिळते तिथं त्याला भेग दिसली. दुसऱ्या दिवसापासून तो व्हर्नियर घेऊन ती मोजायला लागला. वहीत रकाने आखले: तारीख, भेगेची रुंदी, शेरा, सही. तपासणारा तोच आणि तपासणाऱ्याला तपासणाराही तोच असल्यामुळे सही दोनदा करायला लागायची.

"अहो, ती दुधाची वही आहे," रेश्मा म्हणाली.

"दूधवाला फसवून फसवून अर्ध्या लिटरनं फसवेल," जोतीराम म्हणाला, "ही फांदी दीड टनाची आहे."

नवऱ्याशी वाद घालण्यापेक्षा नवी वही स्वस्त पडते हे रेश्माला लग्नानंतर लवकरच कळलेलं होतं. तिनं नवी वही आणली.

शेजारी आप्पासाहेब राहायचे. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांचा सल्ला तयार असे. फक्त उसावर काही विचारलं, तर म्हणायचे, "बघून सांगतो." कंपाउंडवर कोपरं टेकून ते तीन दिवस जोतीरामचं मोजमाप बघत राहिले. चौथ्या दिवशी त्यांना राहवेना.

"जोतीराव, मोजून काय हुतंय? ताप मोजून ताप उतारतो व्हय? हे काम अर्ध्या तासाचं हाय. फांदीला वायररोप बांधायचा, फुडं ट्रॅक्टर जुपायचा, आन् खोलीच्या उलट्या अंगाला वढायचं. फांदी रस्त्यावर, तुमी मोकळं."

"आणि झाड?"

"झाड कुठं जातंय?"

जोतीरामला हे पटलं असं नाही. पण आदल्या दिवशीची नोंद त्याच्या आदल्या दिवसापेक्षा जास्त आली होती, आणि भिणाऱ्या माणसाला सल्ल्यापेक्षा सल्ला देणाऱ्याचा आवाज पटतो. आप्पासाहेबांचा आवाज मोठा होता. रविवारी त्यांच्या पुतण्याचा ट्रॅक्टर आला. वायररोप फांदीला बांधला, तो गेटच्या खांबावरून बाहेर नेला आणि ट्रॅक्टरला अडकवला. कॉलनीतली पंधरावीस माणसं जमली. ट्रॅक्टरनं धूर सोडला. रोप ताणला. फांदी हातभर वाकली, मागून कुणी हाक मारली म्हणून मान वळवावी तशी, आणि कुणी ओळखीचं नाही असं बघून परत जागेवर गेली. गेटचा खांब, ज्याच्याशी कुणाचंच वैर नव्हतं, तो मात्र आडवा झाला. सोबत अर्धं गेट, पत्रपेटी आणि 'जोतीराम वाघमोडे, बी.एस्सी.' ही पाटी.

आप्पासाहेबांनी खांबाचा तुकडा पायानं उलटा करून पाहिला.

"खांब कच्चाच हुता," ते म्हणाले. "बरं झालं, आत्ताच कळलं."

संध्याकाळी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. फोटोत ट्रॅक्टर, वायररोप आणि दोन्ही हात वर करून ओरडत असलेला जोतीराम. खरं तर तो "थांबा" असं ओरडत होता, पण फोटोला आवाज नसतो. खाली लिहिलं होतं: 'आपल्या कॉलनीत दिवसाढवळ्या वृक्षतोड???' तीन प्रश्नचिन्हं. त्याखाली रडक्या चेहऱ्यांची रांग. त्या रांगेत आप्पासाहेबांचाही एक रडका चेहरा होता.

जोतीराम बावीस वर्षांत कारखान्यात एकदाही गेटपास विसरला नव्हता. कायदा मोडणारा म्हणून कॉलनीत आपली ओळख व्हावी हे त्याला फांदीपेक्षा जड गेलं. सोमवारी त्यानं रजा टाकली आणि नगरपालिकेत जाऊन रीतसर अर्ज दिला: 'धोकादायक फांदी छाटणेस परवानगी मिळणेबाबत.' वहीतल्या चौदा दिवसांच्या नोंदींची झेरॉक्स सोबत जोडली.

झाडांचं काम दीपक बोराटे नावाचा तरुण अधिकारी बघायचा. माणूस सरळ, गोड बोलणारा. अर्ज दिल्याच्या तिसऱ्या दिवशी तो पंचनाम्याला घरी हजर झाला. सरकारी माणूस तिसऱ्या दिवशी आलेला बघून जोतीराम इतका गडबडला की त्यानं चहाआधी सरबत दिलं आणि सरबतानंतर परत पाणी. दीपकनं टेपनं बुंधा मोजला, फोटो काढले, चिंचेभोवतीचा पार पाहिला. हा पार तीन वर्षांपूर्वी जोतीरामनं स्वतः उभं राहून बांधून घेतला होता. बुंध्यापर्यंत चकाचक फरशी, कडेला पांढरा चुना, मधोमध काळ्या दगडात वडिलांचं नाव. कॉलनीत असा पार दुसरा नव्हता. दीपकनं त्याकडे बघून "हं" केलं. जोतीरामला ते कौतुक वाटलं.

"झाडाचं वय किती धरू?" दीपकनं विचारलं.

आता हा प्रश्न एकट्या जोतीरामला विचारला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण शेजारी पंच म्हणून आप्पासाहेब उभे होते, आणि आप्पासाहेबांच्या परड्यातला आड सव्वाशे वर्षांचा आहे हे कॉलनीत आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावं लागे. जोतीरामनंही ते शेकडो वेळा ऐकलं होतं.

"शंभराच्या आत नाही," तो म्हणाला.

"शंभर?" आप्पासाहेबांना शेजाऱ्याचा कमीपणा बघवेना. "दीडशे लिवा सायेब. घोड्यावरनं जाणारी मानसं हितं सावलीला थांबायची."

"माझे पणजोबा मेंढरं घेऊन कोकणातनं परतताना याच झाडाखाली उतरायचे," जोतीराम म्हणाला. असं काही त्यानं कधी ऐकलेलं नव्हतं. पण बोलल्यावर त्याला ते खरं वाटलं आणि ऊरही भरून आला.

दीपकनं लिहिलं: 'अंदाजे शंभर ते दीडशे वर्षे.' मग पेनचं टोपण लावलं.

"मग अवघड आहे, काका. पन्नास वर्षांच्या पुढचं झाड म्हणजे हेरिटेज. फाईल माझ्या हातात राहत नाही. वर जाते."

"वर म्हणजे?"

"वर."

"किती दिवस?"

"पावसाळ्यानंतर बैठक लागली तर बघू."

जोतीरामनं चिंचेकडे पाहिलं. वीस मेला चार आठवडे राहिले होते.

"तसं बघायला गेलं तर," तो म्हणाला, "झाड लहानच आहे."

"अवो, आत्ता तर म्हणालात..."

"तुम्ही थांबा हो, आप्पा! साहेब, ते घोडे वगैरे दुसऱ्या झाडाखाली थांबायचे."

दीपक हसला नाही, हे त्याचे उपकार. लिहिलेला पंचनामा खोडता येत नाही, पण झाड पन्नासच्या आतलं आहे असा काही पुरावा आणलात तर फेरनोंद करता येईल, असं सांगून तो गेला. त्या दिवसापासून जोतीराम झाडाच्या तरुणपणाचा पुरावा शोधत फिरू लागला. माणसाचं वय कमी दाखवणारी माणसं तालुक्यात ढिगानं आहेत, लग्नाच्या बाजारात तर तोच धंदा आहे. झाडाचं काम मात्र कुणी घेत नव्हतं. झाडाला शाळेचा दाखला नसतो. सातबाऱ्यावर 'चिंच एक' एवढंच होतं, तेही जन्मतारखेशिवाय.

पुरावा घरातच होता. तो रोज सकाळी पारावर बसून तंबाखू मळायचा. तानूबाई, म्हणजे जोतीरामची आई.

तानूबाई हजार वेळा सांगायची, "मी नवरी हून आले तवा ही चिंच वितभर हुती. सासू म्हणली, हिला आन् तुला संगंच वाढायचंय. ही वाढली. मी ऱ्हायले हाय तिथंच." जोतीरामनं वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. आईचं लग्न सतराव्या वर्षी. आई आता पासष्टची. म्हणजे चिंच अठ्ठेचाळीस वर्षांची. पन्नासला दोन कमी! त्यानं हिशोब तीन वेळा तपासला, दोन वेळा सही केली आणि आईला मोटारसायकलवर मागं बसवून नगरपालिकेत नेलं.

दीपकनं तिला खुर्ची दिली. चिंच वितभर होती ते तिनं हातानं करून दाखवलं, आणि लग्न सतराव्या वर्षी झालं तेही छान सांगितलं.

"आणि आजी, आता तुमचं वय?"

तानूबाईनं कमरेची पिशवी सोडली. पिशवीतून प्लास्टिकची पिशवी निघाली, त्यातून आधार कार्ड निघालं. ते तिनं टेबलावर ठेवलं.

"शात्तर," ती म्हणाली.

हे जोतीराम साफ विसरला होता. आधारवर आई अकरा वर्षांनी मोठी होती, आणि त्या अकरा वर्षांवर तिची यष्टी चालत होती. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास फुकट. ते लागू झाल्यापासून तानूबाईचं आयुष्य बदलून गेलं होतं. दर सोमवारी ती कळसला भावाकडे जायची, मधल्या वारी बारामतीला. बारामतीत तिचं काही काम नसे. स्टँडवर चहा प्यायची, येणारी जाणारी माणसं बघायची आणि पुढच्या गाडीनं परत यायची. उभ्या जन्मात कुणाला न विचारता ती पहिल्यांदाच कुठंतरी जात होती.

"शहात्तर वजा सतरा," दीपक म्हणाला, "एकोणसाठ. झाड एकोणसाठ वर्षांचं झालं, काका."

"साहेब, त्या कार्डावर जरा चुकून..."

तानूबाईनं टेबलाखालून त्याला चिमटा काढला. "चुकून काय? सरकारचं कार्ड हाय. सरकार चुकतं व्हय रं?"

सरकारी कचेरीत हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. दीपकनं अर्जावरचं जोतीरामचं वय पाहिलं.

"पण आजी, चिरंजीव शेचाळीसचे. म्हणजे लग्नानंतर तेरा वर्षांनी झाले?"

"व्हय," ती म्हणाली. "नवसानं झालाय त्यो. बिरूबाच्या."

आपण नवसाचे आहोत हे जोतीरामला वयाच्या शेचाळिसाव्या वर्षी, नगरपालिकेत, टोकन नंबर चौदाच्या रांगेसमोर कळलं. त्या रांगेत घरपट्टी भरायला समोरच्या घरातल्या कुशाबाई उभ्या होत्या. त्या घरपट्टी न भरताच घाईनं घरी परतल्या.

संध्याकाळपर्यंत कॉलनीत एकच प्रश्न होता: नवस फेडला का? फेडलेला नव्हता. कसा फेडणार, बोललेलाच नव्हता. पण हे तानूबाईला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी कळसवरून तिचा भाऊ जयवंता आला. बहिणीचं खरं वय ठाऊक असलेला घराबाहेरचा तो एकच माणूस उरला होता, त्यामुळे जोतीरामला जरा आशा वाटली.

"मामा, तुम्ही तरी सांगा."

जयवंतामामा बहिणीकडे बघून, फांदीकडे बघून म्हणाला, "तरीच! तरीच म्हणलं, ही फांदी कशानं करकरती. शेचाळीस वर्सं देव थांबलाय, जोतीराम. दुसरा असता तर कवाच पाडली असती."

"मामा, नवस नव्हताच!"

"नव्हता तर नव्हता. फेडायला काय जातंय? लेक बाळंतपणाला यायचीय. इषाची परीक्षा घ्यावी व्हय?"

हे वाक्य मात्र जोतीरामला लागलं. ज्या माणसानं भीतीपोटी गेट पाडून घेतलं, तो भीतीपोटी पुरणपोळ्याही घालणार. दहा मेला दुपारी साठ माणसांचं जेवण ठरलं. जागा अर्थातच चिंचेखाली, कारण घरात साठ माणसं मावत नव्हती आणि उन्हात कुणी जेवत नाही.

जोतीरामनं सकाळी फांदीखालची जागा मोजली. कारखान्यात धोक्याच्या मशिनभोवती पट्टा मारतात, तसा त्यानं चुन्याच्या फक्कीनं फांदीखाली मोठा चौकोन आखला. या चौकोनात कुणी बसू नये, एवढाच त्याचा हेतू होता. मग तो गॅसची टाकी बदलायला आत गेला. बाहेर येऊन बघतो तर कळसच्या बायकांनी चौकोनाच्या चारी कोपऱ्यांवर हळदकुंकू वाहिलेलं, चपला रेषेबाहेर नीट लावलेल्या, आणि सगळी साठ माणसं पवित्र जागेच्या आत मांडीला मांडी लावून बसलेली. रेषेबाहेर फक्त आप्पासाहेबांचं कुत्रं होतं.

"रेषेच्या बाहेर बसा!" जोतीराम ओरडला.

"आमी काय परके हाय व्हय?" जयवंतामामा दुखावून म्हणाला.

वाढप सुरू झालं. पहिली पोळी पानात पडली आणि उजनीच्या बाजूनं वावटळ आली. पत्रावळ्या उडाल्या. फांदी करकरली, मग पुन्हा करकरली, मग सतत करकरू लागली. साठ माणसांनी घास हातात धरून वर पाहिलं. वरून वाळकी काटकी सुटली, दोनदा गिरकी घेऊन कटाच्या आमटीच्या पातेल्यात पडली आणि वारं थांबलं.

"पावला!" मामा म्हणाला. लोक पुन्हा जेवायला लागले.

जोतीराम जेवला नाही. पंगत उठेपर्यंत तो पारावर उभा होता. मान वर, दोन्ही हात अर्धवट पुढे केलेले. आपण हात पुढे केलेत हे त्याला ठाऊक नव्हतं. रेश्मानं दोनदा हाक मारली, ती त्याला ऐकू आली नाही. तानूबाई ओसरीच्या पायरीवर बसून त्याच्याकडे बघत होती. दीड टनाची फांदी झेलायला उभा राहिलेला आपला मुलगा तिनं बराच वेळ पाहिला, आणि तंबाखूची चिमूट तशीच डबीत परत टाकली.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सोमवारी ती सकाळी सातलाच कळसच्या गाडीला जायची. नऊ वाजले तरी ती दारात लुगडं सारखं करत उभी होती.

"जोत्या, गाडी काढ. हापिसात चल."

दीपकसमोर ती खुर्चीवर बसली नाही.

"लिवा," ती म्हणाली. "पासष्ट."

"आजी, पण आधारवर..."

"ते कार्ड काडणाऱ्या पोरानं लिवलं. मला म्हणला, जलमतारीख? मी म्हणलं, बाहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडली. त्यानं आपल्या मनानं मला बावीस वर्साची केली. मी हुते अकराची. आयच्या संगं जायाची. त्यानं इचारलं न्हाय, मी बोलले न्हाय."

दीपकनं जोतीरामकडे पाहिलं. जोतीराम खिडकीबाहेर बघत होता.

"आणि तो नवस?"

"कसला नवस?" तानूबाई म्हणाली. "जोत्या आपला असाच झाला."

रांगेतलं कुणीतरी खुदकन हसलं. तिनं आधारची पिशवी पुन्हा कमरेला खोचली. "कार्ड बी दुरुस्त करून घ्या कुठं करायचं ते. बाईला अर्धं तिकीट असतंच की. अर्ध्यावर जाईन. पर पोरीच्या अंगावर फांदी नगं."

परत येताना मोटारसायकल स्टँडसमोरून गेली तेव्हा बारामतीची गाडी सुटत होती. तानूबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही, असं जोतीरामला आरशात दिसलं.

अठरा मेला आदेश आला. झाडाचं वय अठ्ठेचाळीस, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली फांदी छाटण्यास परवानगी. तज्ज्ञही दीपकनंच सुचवली. बारामतीची मोना जगताप. घरांभोवतीची जुनी झाडं बघायची, त्यांची दुखणी काढायची, हाच तिचा व्यवसाय होता. असाही व्यवसाय असतो आणि त्यात पोट भरतं, हे आप्पासाहेबांना शेवटपर्यंत पटलं नाही.

एकोणीसला सकाळी ती आली. डोक्याला हेल्मेट, कमरेला पट्टा, खांद्यावर दोर. तिनं आधी झाडाभोवती तीन फेऱ्या मारल्या. "वडाला घालत्यात, चिंचेला न्हाय," कुशाबाईंनी सांगून पाहिलं. मग ती दोरानं वर चढली आणि लाकडी हातोड्यानं फांदीवर जागोजाग ठोकून, कान लावून ऐकू लागली.

"कलिंगड बघत्यात तसंच," आप्पासाहेब खालून म्हणाले.

जोतीरामच्या हातात आदेश होता. तो त्यानं घामानं ओला केला होता. अर्ध्या तासानं मोना खाली उतरली.

"काका, फांदी उत्तम आहे," ती म्हणाली. "कापायची कशासाठी?"

जोतीरामनं वही पुढे केली. मोनानं ती पहिल्या पानापासून वाचली. इतक्या आदरानं ती वही आजवर कुणीच वाचली नव्हती.

"ही भेग नाही, सालीची घडी आहे. फार जुनी. तुम्ही कधी सकाळी मोजलंय, कधी दुपारी. झाड उन्हात आकसतं, पहाटे फुगतं. आकडा बदलणारच. वेळ लिहायची राहिली बघा."

वेळेचा रकाना! बावीस वर्षं क्वालिटीत काढून जोतीराम वेळेचा रकाना आखायला विसरला होता. आप्पासाहेबांनी हे ऐकलं का, हे त्यानं आधी बघून घेतलं. त्यांनी ऐकलं होतं.

"मग करकरतं ते?"

"वर दोन डहाळ्या एकमेकींवर घासतात. मनगटाएवढी एक आहे, ती काढू. आदेशात बसतं ते." ती पुन्हा चढली आणि हातकरवतीनं दहा मिनिटांत ती काढून दोरानं खाली सोडली. मग वारं आलं. सगळ्यांनी माना वर केल्या. पानं हलली. करकर नव्हती.

"पण हा पार कुणी बांधला?" खाली उतरून मोनानं विचारलं.

सगळी कॉलनी जोतीरामकडे बघू लागली.

"मुळांना हवा नाही, पाणी नाही. बुंध्याला सिमेंट टेकवलंय. आणखी सातआठ वर्षं असंच राहिलं असतं, तर फांदी नाही, सगळं झाडच खोलीवर आलं असतं. फरशी फोडा. लांब रिंगण ठेवून माती मोकळी करा. याला परवानगी लागत नाही."

"मी तवाच म्हणलं हुतं," आप्पासाहेब म्हणाले. फरशीवाला त्यांचाच भाचा होता.

त्या दुपारी जोतीरामनं स्वतः पहार घेऊन पार फोडला. वडिलांच्या नावाचा दगड त्यानं ओल्या फडक्यानं पुसून ओसरीला टेकवून ठेवला. तानूबाई शेजारी बसून बघत होती.

"त्यांला बी पार आवडला नसता," ती म्हणाली. "ते मातीतच बसायचं."

वीस तारखेला प्राची आली. सोबत जावई सौरभ, दोन बॅगा आणि लॅपटॉप. जोतीराम तिला आधी चहासुद्धा न देता मागच्या खोलीत घेऊन गेला. पडदे नवे होते, पंख्याला तेल दिलेलं होतं, पलंगावर स्वच्छ चादर होती. खिडकीतून चिंचेची सावली आत आली होती. तो दाराशी उभा राहून मुलीच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

प्राचीनं पर्समधून फोन काढला. तो वर धरला. मग खिडकीशी नेला, मग दाराशी.

"बाबा, इथं रेंज नाही," ती म्हणाली. "मला जूनअखेरपर्यंत घरून काम करायचंय."

"इथं रेंज कधीच नव्हती," रेश्मा म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

प्राचीला जुलैत मुलगी झाली. दोन किलो नऊशे ग्रॅम. नाव स्वराली. दोघी पुढच्या खोलीत झोपतात. मागच्या खोलीत कांदा भरलाय.